लेखी हुकूम

टपाल खात्यात ज्याने आयुष्य घालवले त्याला एक गोष्ट फार लवकर उमगते, ती अशी की आपल्या हातून दिवसभर जे शेकडो लखोटे, आंतरदेशीय पत्रे आणि कार्डे जातात त्यांचे वजन तराजूवरच्या वजनाहून निराळे असते. कारण कर्जबाजारी शेतकऱ्याने मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मुलाला केलेली विनवणी, सासुरवाशिणीने माहेरी धाडलेली तक्रार, कुणा संपादकाला पाठवलेला लेख आणि कुणा मंत्र्याला पाठवलेला निषेधाचा ठराव, ही सारी लिहिणाऱ्याने डिंक लावून बंद केल्या क्षणापासून वाचणाऱ्याने ती फोडीपर्यंत आपल्यासारख्या सर्वस्वी परक्या माणसाच्या स्वाधीन असतात, आणि तो परका माणूस ती उघडणार नाही या एका भरवशावर देशाचा पत्रव्यवहार चालतो.

१९७१ साली पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, मुख्य टपाल कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा आमच्या वृद्ध पोस्टमास्तरांनी मला समोर बसवून १८९८च्या टपाल कायद्यातील दोन कलमे स्वतः वाचून दाखवली. त्रेपन्नाव्या कलमात असे होते की टपाल कर्मचाऱ्याने आपल्या कर्तव्याविरुद्ध एखादे पत्र उघडले, अडवून ठेवले किंवा जाणूनबुजून लांबवले तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सव्विसाव्या कलमात असे होते की सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी, अथवा सार्वजनिक सुरक्षितता व शांतता यांच्यासाठी, केंद्र वा राज्य सरकारला किंवा त्याने खास अधिकार दिलेल्या अंमलदाराला लेखी हुकूम काढून कोणतेही टपाल अडवता येते. आणि तसा प्रसंग खरोखर उद्भवला आहे की नाही अशी शंका कुणी काढलीच, तर सरकारने स्वतः दिलेला दाखला हाच त्याचा निर्णायक पुरावा मानावयाचा. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ते म्हणाले, "ही दोन्ही कलमं एकाच कायद्यात आहेत आणि दोहोंच्या मधे फक्त एक कागद आहे. तो कागद डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कुणाच्या पत्राला हात लावायचा नाही, सांगणारा कितीही मोठा असो." त्या वयात मला ती एका जुन्या कारकुनाची शिस्त वाटली. तिचा अर्थ कळायला फार काळ लागला नाही.

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी पोलिसांच्या विशेष शाखेचे एक फौजदार, जिच्या माणसांना आमच्या गावात सरसकट सीआयडी म्हणत, नावांची एक यादी घेऊन कचेरीत आले. यादी वहीच्या फाडलेल्या पानावर होती, खाली सही नव्हती, शिक्का नव्हता. या माणसांचे टपाल बटवड्याला न लावता रोज सकाळी वेगळे काढून द्यावे, असा वरिष्ठांचा निरोप असल्याचे त्यांनी सांगितले. पोस्टमास्तरांनी यादी वाचली, घडी करून परत दिली आणि लेखी हुकूम मागितला.

"मास्तर, आणीबाणी आहे. या दिवसांत लेखीबिखी काय मागता?" फौजदारांच्या आवाजात धमकीपेक्षा आश्चर्यच अधिक होते.

"आणीबाणी आहे म्हणूनच मागतोय, फौजदारसाहेब. हुकूम लेखी असावा असं कलमात आहे, आणि ते कलम अजून कुणी रद्द केलेलं नाही. कागद आणा, मी बरहुकूम तामील करतो."

आज हा प्रसंग साधा वाटेल. त्या दिवसांत सहीचा अधिकार असलेली माणसे निरोपावर कामे उरकीत होती, वर्तमानपत्रे छापण्यापूर्वी तपासली जात होती, आणि अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे मिसाखाली, पहाटे घरातून नेलेल्या माणसाच्या बायकोला तो कुठे आहे हे सांगणारे कुणी नव्हते. अशा वातावरणात निवृत्ती तोंडावर आलेल्या आणि पदरी लग्नाच्या दोन मुली असलेल्या एका पोस्टमास्तराने फौजदाराला रिकाम्या हाताने परत पाठवणे याला धैर्य लागत होते, आणि ते धैर्य त्यांनी आवाज न चढवता दाखवले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

काही दिवसांनी फौजदार रीतसर हुकूम घेऊन आले. त्यावर अधिकाऱ्याची सही होती, कचेरीची मोहोर होती, जावक क्रमांक होता. आणि ज्या गोष्टीने मी चकित झालो, आणि ज्या गोष्टीसाठीच मुख्यतः मी हे लिहावयास बसलो आहे, ती अशी की त्या हुकुमातील नावे पहिल्या यादीच्या निम्म्याहूनही कमी होती. 'साधना' साप्ताहिकाचे वर्गणीदार असलेले एक डॉक्टर त्यातून गळाले होते. एक शाळामास्तर गळाले होते, ज्यांचा अपराध एवढाच असावा की ते वर्गात फार बोलत. नगरपालिकेच्या एका रस्त्यावरून गावातल्या वजनदार पुढाऱ्याशी ज्यांचे वितुष्ट आले होते ते वकीलही गळाले होते, आणि त्यांचे नाव मुळात यादीत कुणी व कशासाठी घातले असावे हे ओळखायला गुप्तवार्ता शाखेची गरज नव्हती. जी नावे निरोपात सुखाने बसत होती ती सहीच्या वर बसेनात. जो अधिकारी तोंडी सांगताना पाळतीचे जाळे हवे तितके पसरू शकत होता, त्याच्या हातात लेखणी येताच, आणि हा कागद उद्या कुणापुढे उघडला जाईल हा विचार मनात येताच, त्याने ते आपण होऊन आखडते घेतले. कोणतेही न्यायालय मधे पडले नव्हते. एका पोस्टमास्तराने कायद्यातील दोन शब्दांचा आग्रह धरला होता, एवढेच.

उरलेल्या नावांचे टपाल मात्र आम्ही वेगळे काढीत होतो. पहाटे थैल्या फोडून पत्रे बीटवार खणांत टाकताना ठराविक नावे हातात आली की ती एका निराळ्या खणात जात. तिथून ती मोहोरबंद पाकिटातून विशेष शाखेकडे रवाना होत आणि वाचून, बहुधा नक्कल करून, परत येत. त्या खणात कधी संघाच्या शाखेवर जाणाऱ्या एका गृहस्थांचे पत्र असे, त्याला लागून सेवादलाच्या एका कार्यकर्त्याचे, त्याखाली मार्क्सवादी पक्षाच्या एका कामगार पुढाऱ्याचे, आणि त्याच गठ्ठ्यात जमाते इस्लामीच्या एका मौलवींचे. गावातल्या सभांतून ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहणे टाळले असते ती माणसे आमच्या त्या खणात शेजारी-शेजारी विसावत, जशी ती त्या काळी येरवड्याच्या आणि नाशिकरोडच्या तुरुंगांतही एकाच बराकीत राहत होती. हे सारे गुप्त म्हणून चाललेले असले तरी पूर्ण गुप्त राहणारे नव्हते, कारण पत्र आले त्या दिवशीच त्याच्या पाठीवर आमच्या कचेरीचा तारखेचा शिक्का उमटलेला असे आणि हातात पडे ते पुढच्या वा त्याच्याही पुढच्या दिवशी. खिडकीपाशी येऊन एखादी बाई तो शिक्का दाखवी, काही बोलत नसे, आणि आम्हीही काही बोलू शकत नसू.

एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हंसराज खन्ना यांनी विरुद्ध मत नोंदवले, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिले गेले. देशातील सर्वोच्च न्यायपीठ जेथे मागे सरले होते तेथे आमच्या पोस्टमास्तरांच्या टेबलाच्या खणातला तो एक कागद किती मोलाचा होता, हे मला तेव्हापासून जाणवत आले आहे.

१९७७च्या मार्चमध्ये लोकांनी सत्तांतर घडवले. मिसा पुढल्या वर्षी रद्द झाला. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, केवळ अंतर्गत अशांततेचे कारण देऊन आणीबाणी पुकारण्याची वाट बंद केली आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरवले. या कामाबद्दल त्या सरकारला द्यावे तेवढे श्रेय थोडेच आहे. पण टपाल कायद्याचे सव्विसावे कलम जसेच्या तसे राहिले आणि तार कायद्याचे पाचवे कलमही राहिले, ज्याच्या आधारे दूरध्वनी ऐकले जात. तुरुंगात ज्यांनी आपल्या बायकामुलांची पत्रे दुसऱ्याने वाचून झाल्यावर वाचली होती अशा माणसांनी देशाचा कारभार हाती घेतला, आणि ज्या कलमाने ते घडले होते त्याला त्यांनी हात लावला नाही. जुना हुकूम रद्द झाल्याचा कागद आमच्याकडे आला. पुढे यथावकाश दुसऱ्या हुकुमाचाही आला, आणि नोकरीच्या उरलेल्या वर्षांत वेगवेगळ्या गावी ते येत-जात राहिले. कोणत्या राजवटीत कोणत्या पक्षाच्या माणसाचे नाव आले हे मी येथे सांगणार नाही. एक तर ती सेवेतील गुप्तता आहे. आणि दुसरे असे की ते सांगितले तर निम्मे वाचक समाधानाने मान डोलावतील आणि निम्मे लेख बाजूला ठेवतील, आणि मला जे सांगावयाचे आहे ते कुणापर्यंतच पोचणार नाही. एवढे खात्रीने सांगतो की नावे सर्व बाजूंची होती.

माझ्या परिचयाचे एक राजकीय कार्यकर्ते होते, ज्यांना गावात सगळे अण्णा म्हणत. आणीबाणीत ते स्थानबद्ध होते आणि त्यांचे टपाल मी स्वतः वेगळे काढले होते. सुटून आल्यावर ते कचेरीत आले आणि सर्वांदेखत मला म्हणाले, "आमची पत्रं फोडलीत ना तुम्ही?" मी म्हणालो, "अण्णा, फोडली नाहीत, पण काढून दिली. हुकूम होता." ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी एका पत्राची हकीकत सांगितली. धाकट्या मुलाच्या आजारपणाविषयी त्यांच्या पत्नीने लिहिलेल्या त्या पत्रात घरातल्या अडचणीचे असे काही होते की जे नवऱ्यावाचून कुणाला कळावे अशी तिची इच्छा नव्हती. सांगताना त्या कणखर माणसाचा आवाज कापला. पुढे कित्येक वर्षांनी, त्यांच्या विचारांची माणसे सत्तेवर आल्यानंतर, अण्णा मला एका लग्नात भेटले आणि बोलण्याच्या ओघात त्यांनी विचारले, "काय हो, हल्ली त्या लोकांच्या टपालावर लक्ष असतं की नाही? असायला हवं." मी त्यांना त्या जुन्या पत्राची आठवण दिली. ते म्हणाले, "ते वेगळं होतं. आम्ही देशाविरुद्ध नव्हतो." मी त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी तेव्हाही शंका घेतली नाही आणि आजही घेत नाही. ते मनापासून बोलत होते. आणि आणीबाणीत ज्या अधिकाऱ्याने त्यांचे नाव यादीत लिहिले होते तोही अण्णांना देशाविरुद्धच समजत होता, आणि कदाचित तितक्याच मनापासून.

देशाच्या राजकारणात हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडलेले दिसते. सुभाषबाबूंच्या कुटुंबीयांची पत्रे स्वातंत्र्यानंतरही सुमारे वीस वर्षे कलकत्त्यात गुप्तपणे वाचली जात होती, हे २०१५ मध्ये जुन्या फायली उघड झाल्यावर लोकांना कळले. ब्रिटिशांनी आरंभलेली पाळत ब्रिटिश गेल्यावर थांबवावी असे स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या सरकारलाही वाटले नाही. कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे, जे स्वतः आणीबाणीत तुरुंगात गेले होते, त्यांना १९८८च्या ऑगस्टमध्ये राजकारण्यांचे दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणावरून पद सोडावे लागले. चंद्रशेखर यांनीही आणीबाणीत कारावास भोगला होता. आणि त्यांचे सरकार १९९१च्या मार्चमध्ये ज्या तात्कालिक कारणाने गेले ते असे, की राजीव गांधींच्या निवासस्थानावर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवीत असल्याचा आरोप काँग्रेसने केला.

पण त्याच राजीव गांधींच्या सरकारने १९८६च्या अखेरीस टपाल कायद्याच्या सव्विसाव्या कलमाच्या दुरुस्तीचे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत करून घेतले होते, ज्यात टपाल अडवण्याची कारणे अधिक विस्ताराने मांडली होती. आमच्या कचेरीत त्या विधेयकाची चर्चा बाहेरच्यापेक्षा अधिक झाली असेल, कारण ज्यांच्या हातांनी ती पत्रे काढली जाणार होती ते हात आमचे होते. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. त्यांच्या मागून आलेल्या रामस्वामी व्यंकटरमण यांनी १९९०च्या आरंभी ते फेरविचारासाठी संसदेकडे धाडले, आणि अखेर २००२ मध्ये वाजपेयी सरकारने ते मागे घेतले. एक विधेयक सोळा वर्षे अधांतरी राहिले याबद्दल घटनापंडित काय म्हणतील ते म्हणोत. मला त्यात समाधान वाटले, कारण एका सहीच्या अभावाने काय वाचते हे मी आमच्या पोस्टमास्तरांच्या टेबलापाशी पाहिले होते.

दूरध्वनीच्या बाबतीत थोडे अधिक काम झाले. जयप्रकाशांच्या पुढाकाराने आणीबाणीत जन्मलेल्या लोकस्वातंत्र्य संघटनेने, म्हणजे पीयूसीएलने, राजकारण्यांच्या दूरध्वनींवरील पाळतीसंबंधी केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल १९९१ मध्ये उजेडात आल्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने काही बंधने घातली. हुकूम गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच काढावा, त्याची मुदत दोन महिने असावी, एकंदर पाळत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, आणि एका समितीने तो तपासावा, ही त्यांतील मुख्य. परंतु ती समिती सचिवांचीच. म्हणजे सरकारने काढलेला हुकूम सरकारनेच तपासावयाचा. हुकूम निघण्यापूर्वी न्यायाधीशाची अनुमती घ्यावी ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही, याचे मला आजही दुःख आहे. तरी त्या बंधनांचा उपयोग झाला. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्या एका खटल्यातील दूरध्वनी ऐकण्याचे तीन हुकूम रद्द ठरवले, कारण सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणतेही कारण तेथे नव्हते. तसे ऐकून घेतलेले संभाषण नष्ट करण्याचाही आदेश दिला. त्या आरोपीला हुकुमांना आव्हान देता आले ते खटला उभा राहिला म्हणून. ज्याच्यावर कधी खटलाच होत नाही, ज्याचे बोलणे ऐकून फाईल मिटवली जाते, त्याला आपल्यावर पाळत होती हे मरेपर्यंत कळत नाही.

पाळत मुळीच नसावी असे माझे म्हणणे नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात सीमेपलीकडून मारेकऱ्यांना सूचना देणारे आवाज यंत्रणांनी टिपले, आणि त्या नोंदी पुढे खटल्यात पुरावा म्हणून उभ्या राहिल्या. तेव्हा ते ऐकणारे कान नसते तर चालले असते असे कोणता शहाणा म्हणेल? पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात, काँग्रेसप्रणीत सरकारच्या काळात, माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती लोकसभेत चर्चेवाचून संमत झाली आणि संगणकातील मजकूर पाहण्याचे विस्तृत अधिकार सरकारकडे आले. बरोबर दहा वर्षांनी, २० डिसेंबर २०१८ रोजी, भारतीय जनता पक्षाच्या सरकारने त्याच कायद्याच्या आधारे दहा यंत्रणांना तो अधिकार देणारा आदेश काढला. तेव्हा ज्यांनी आक्षेप घेतला त्यांना, हा कायदा तुमचाच, असे उत्तर मिळाले. आणि ते उत्तर खरे होते. नागरिकाला मात्र त्या उत्तराने काहीच मिळाले नाही.

२०२३ सालच्या हिवाळी अधिवेशनात, ज्यात दोन्ही सभागृहांतील मिळून शंभरावर विरोधी सदस्य निलंबित झाले होते, १८९८चा टपाल कायदा जाऊन त्याच्या जागी नवा टपाल कायदा संमत झाला. त्याचे नववे कलम मी अनेकदा वाचले. केंद्र सरकार अधिसूचनेने कोणत्याही अधिकाऱ्याला टपाल अडवण्याचा, उघडण्याचा व थोपवण्याचा अधिकार देऊ शकते. कारणांत राज्याची सुरक्षितता आहे, सुव्यवस्था आहे, आणीबाणी आहे, आणि कोणत्याही कायद्याचा भंग हेही आहे. प्रत्येक पत्रासाठी लेखी हुकूम असावा, त्यात कारणे नोंदलेली असावीत, तो कुणी तरी तपासावा, यांतील एकही अक्षर त्या कलमात मला सापडले नाही. आणि ज्या त्रेपन्नाव्या कलमाने माझ्या नोकरीचा आरंभ झाला होता ते, म्हणजे कर्तव्याविरुद्ध पत्र उघडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम, नव्या कायद्यात नाही. आज एखादा फौजदार वहीचे फाडलेले पान घेऊन एखाद्या तरुण पोस्टमास्तरापुढे उभा राहिला, तर लेखी हुकूम मागण्यासाठी तो तरुण कोणत्या कलमावर बोट ठेवील, हे मला सांगता येत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला, मग तो तुमच्या पक्षाचा असो वा विरोधी, एक पत्र लिहा. आणि टपालावरील असो, दूरध्वनीवरील असो वा संगणकावरील असो, पाळतीचा प्रत्येक हुकूम नावानिशी, कारणांसह आणि लेखी असावा, तो अंमलात येण्यापूर्वी सरकारबाहेरील न्यायाधीशाने पाहावा, पाळत संपल्यावर ती त्या माणसाला कळवावी, आणि हुकुमावाचून दुसऱ्याचे पत्र उघडणाऱ्याला कैद सांगणारे कलम पुन्हा कायद्यात यावे, अशी मागणी त्या पत्रात करा. तुमचा पक्ष आज सत्तेवर असेल तर हे पत्र आजच लिहा.